बारा आण्यांच्या तिकिटावरचा मदरसा

निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९३१ मध्ये टपाल तिकिटांची जी नवी चित्रमय मालिका काढली, तिच्यातील बारा आण्यांच्या तिकिटावर बीदर येथील महमूद गावानचा मदरसा चितारलेला आहे. इंग्रजी अमदानीतील हिंदुस्थानात विद्यादानासाठी बांधलेली इमारत टपाल तिकिटावर आल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. त्यातही हे तिकीट मराठी वाचकाच्या विशेष जवळचे आहे, कारण बीदर हा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा शेजारी नांदणारा सीमाभाग असून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे आले व खुद्द बीदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. त्याच मालिकेत एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हैदराबादचे उच्च न्यायालय, चार आण्यांवर उस्मानसागर तलाव, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा विजयस्तंभ, म्हणजे चांदमिनार, अशी योजना होती. संस्थानाने स्वतःची ओळख म्हणून निवडलेल्या सहा वास्तूंपैकी दोन मराठवाड्यातल्या आणि तिसरी मराठवाड्याच्या सीमेलगतची होती.

हे तिकीट कोणत्या व्यवस्थेत वापरले जात होते, हे समजल्याखेरीज त्याचे महत्त्व ध्यानात येत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात सर्व प्रांतांना लागू होणारी तिकिटे १८५४ पासून मिळू लागली, परंतु संस्थानांच्या बाबतीत दोन निरनिराळ्या रीती होत्या. ग्वाल्हेर, पतियाळा, नाभा, जिंद, चंबा आणि फरीदकोट या संस्थानांनी इंग्रज सरकारशी टपालाचा करार केला होता व तेथे ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानाचे नाव छापून ती वापरली जात. अशी तिकिटे संस्थानाच्या हद्दीबाहेरही चालत. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, जयपूर यांसारखी संस्थाने मात्र स्वतःची वेगळी तिकिटे काढीत आणि ती केवळ त्या त्या संस्थानाच्या हद्दीतच ग्राह्य धरली जात. हैदराबादचे पहिले तिकीट १८६९ मधले आहे. पुढे १८७१ पासूनच्या तिकिटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर तेलुगू आणि मराठी मजकूरही छापला जाऊ लागला, म्हणजे निजामाच्या राज्यात देवनागरीला टपालाच्या कागदावर जागा मिळाली होती. संस्थानाबाहेर जाणाऱ्या पत्रासाठी इंग्रज सरकारचे तिकीट घ्यावे लागे आणि त्यासाठी संस्थानाच्या हद्दीत ब्रिटिश टपाल कचेऱ्याही चालत असत.

या हद्दीचा अर्थ चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत जितका स्पष्ट दिसतो, तितका तो इतरत्र क्वचितच दिसतो. याच पट्टीतील भामरागड हा आज गडचिरोली जिल्ह्यातला तालुका आहे. इंग्रजी अमदानीत हा सारा मुलूख मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात, अहेरीच्या विस्तीर्ण जमीनदारीच्या परिसरात मोडत होता आणि त्याच्या दक्षिणेचे मोठे ठाणे म्हणजे प्राणहिता नदीच्या काठचे सिरोंचा. गोदावरीच्या डाव्या तीरावरचा सिरोंचाकडील मुलूख निजामाने १८६० मध्ये इंग्रजांच्या हवाली केल्यावर नदी हीच दोन राजवटींमधली सीमा झाली. सिरोंचासमोर, प्राणहिता जेथे गोदावरीला मिळते तेथे, पलीकडच्या तीरावर कालेश्वराचे देवस्थान आहे. या तीरावरून त्या तीरावर दर्शनाला जाणाऱ्या माणसाला फक्त नाव लागे. तेवढेच अंतर कापणाऱ्या पत्राला मात्र नदीच्या एका बाजूला पंचम जॉर्जचे आणि दुसऱ्या बाजूला निजामाचे राज्य ओलांडावे लागे. बीदरच्या मदरशाचे चित्र असलेले बारा आण्यांचे तिकीट सिरोंचाच्या टपाल कचेरीत ग्राह्य नव्हते, मग जंगलात आणखी आत असलेल्या भामरागडची गोष्टच नको.

बारा आणे हे साध्या पत्राच्या टपालखर्चाच्या मानाने फार मोठे मूल्य होते. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै हा हिशेब हैदराबादच्या हाली शिक्क्याच्या रुपयालाही लागू होता, फक्त त्या रुपयाची किंमत ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयापेक्षा काहीशी कमी होती. अशी चढ्या मूल्याची तिकिटे वजनदार लखोटे, पार्सले व नोंदणी टपाल यांसाठीच उपयोगी पडत. त्यांच्यावर उर्दूत ‘सरकारी’ असा शिक्का छापून ती संस्थानाच्या कचेऱ्यांतही वापरली जात. ग्रामीण रयतेच्या हाती पैची आणि फार तर आण्याची तिकिटे येत. बीदरची इमारत पाहत ती तहसीलची कचेरी, व्यापारी पेढ्या आणि वकील मंडळी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी हे तिकीट पोहोचले असेलच, तर ते कज्जाच्या किंवा सारावसुलीच्या जाड लखोट्यावर चिकटून.

तिकिटावर जी इमारत आहे, तिचा इतिहास एवढ्याशा चौकटीत मावणारा नाही. इराणच्या उत्तरेकडील गिलान प्रांतातून व्यापारासाठी हिंदुस्थानात आलेला ख्वाजा महमूद गावान पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी दरबारात दाखल झाला आणि पुढे सुलतान तिसरा मुहम्मद शाह याच्या कारकिर्दीत राज्याचा सर्वाधिकारी वजीर बनला. कोकणच्या डोंगरी मुलखात त्याने चालविलेल्या मोहिमा, खेळणा म्हणजे पुढचा विशाळगड हस्तगत करणे आणि १४७२ मध्ये गोवा जिंकणे, या घटना मराठी इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असतात. त्याच सुमारास, हिजरी ८७६ म्हणजे इ. स. १४७१-७२ मध्ये, राजधानी बीदर येथे त्याने हा मदरसा उभारला. मदरसा म्हणजे येथे लहान मुलांची पाठशाळा नव्हे, तर धर्मशास्त्र, न्यायशास्त्र, तत्त्वज्ञान आणि फारसी-अरबी वाङ्मय शिकविणारे, विद्यार्थ्यांना व शिक्षकांना राहण्याची सोय असलेले उच्च विद्यालय. त्याच्या ग्रंथालयात सुमारे तीन हजार हस्तलिखिते होती, अशी नोंद परंपरेने चालत आली आहे.

इमारतीची रचना मध्य आशियातील तैमूरी मदरशांच्या धर्तीवर केलेली आहे आणि दख्खनच्या काळ्या दगडाच्या मुलखात ती आजही परकी भासते. मधोमध मोठे चौकोनी अंगण, अंगणाच्या चारही बाजूंना मध्यभागी उंच कमानीची खोल दालने, या दालनांच्या दोन्ही अंगांना तीन मजल्यांमध्ये विभागलेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या, एका बाजूला मशीद, एका बाजूला ग्रंथालय व व्याख्यानाची दालने, असा तिचा आराखडा आहे. बाहेरच्या भिंतींवर अर्धअष्टकोनी भाग पुढे काढून त्यांच्या माथ्यावर घुमट चढविले आहेत. दर्शनी बाजूस, पूर्वेकडे, दोन टोकांना दोन मनोरे होते. त्यांपैकी आज उभा आहे तो एकच.

या मनोऱ्याजवळ उभे राहून पाहिले असता बांधकामाचे कौशल्य सर्वांत चांगले कळते. मनोऱ्याच्या गोल अंगावर झिलईच्या फरशा नागमोडी पट्ट्यांमध्ये बसविल्या आहेत. फरशी भाजताना तिच्यावर काचेसारखा रंगीत लेप चढवितात, त्याला झिलई म्हणतात. निळा, हिरवा, पिवळा आणि पांढरा असे रंग येथे वापरलेले दिसतात. दर्शनी भिंतीवरची अक्षरपट्टी अशाच फरशांतून कातरून काढलेली आहे. दख्खनच्या उन्हापावसात या फरशांपैकी बऱ्याचशा गळून पडल्या आहेत, तरी ज्या जागी त्या टिकून आहेत तेथे साडेपाचशे वर्षांनंतरही रंग उजळ आहे. चुन्याचा थर आणि फरशीची कडा यांच्या मधल्या सांधीत बोटाचे नखही शिरत नाही, इतकी ती जोडणी घट्ट आहे.

महमूद गावानचा मोठेपणा केवळ इमारत उभारण्यात नव्हता. त्याने विद्वानांना पत्रे लिहून बीदरला बोलावले. हेरातचा थोर कवी जामी याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याच्या फारसी पत्रांचा ‘रियाजुल इन्शा’ हा संग्रह आजही उपलब्ध आहे आणि त्यात उस्मानी तुर्कांच्या सुलतानाला लिहिलेली पत्रेही आहेत. दैवगती अशी की, ज्याची कीर्ती पत्रलेखनाने झाली, त्याचा नाशही एका बनावट पत्राने घडवून आणला. त्याच्या विरोधी गटातील दरबाऱ्यांनी त्याचा शिक्का उमटलेला कोरा कागद मिळवून ओडिशाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचा मजकूर त्यावर लिहविला आणि तो सुलतानापुढे ठेवला. एप्रिल १४८१ मध्ये सुलतानाने त्याला ठार मारविले. पुढील वर्षी स्वतः सुलतानही मरण पावला. बहमनी राज्याचे विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा आणि बीदर असे पाच तुकडे होण्याची प्रक्रिया त्यानंतर वेगाने सुरू झाली.

मदरसा मात्र शिकवीत राहिला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बीदर मोगलांच्या हाती गेल्यावर इमारतीत सैन्याची वस्ती झाली व दारूगोळा साठविला गेला. त्याच शतकाच्या अखेरीस झालेल्या प्रचंड स्फोटात आग्नेयेकडचा भाग, एक मनोरा आणि प्रवेशद्वाराचा मोठा हिस्सा कोसळला. १९३१ च्या तिकिटावर आली ती ही भग्न इमारत. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुराणवस्तू खाते सुरू केले होते. त्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांनी अजिंठ्याप्रमाणेच बीदरच्या वास्तूंचाही सखोल अभ्यास करून १९४७ मध्ये त्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मदरशाचा तिकिटावरील समावेश हा या जतनकार्याचाही परिपाक मानावा लागतो, आणि त्याबद्दल त्या खात्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु याच तिकिटाकडे मराठवाड्याच्या विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. राज्याने आपल्या तिकिटावर विद्यालय छापले, पण ज्या विद्यालयात दोन शतकांहून अधिक काळ एकही विद्यार्थी बसला नव्हता तेच छापले. त्या वेळी संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवीत होते, आणि त्यामुळे माध्यमिक शाळांतही मराठी, तेलुगू व कन्नड मुलांना परक्या माध्यमातून शिकावे लागे. मातृभाषेतून माध्यमिक शिक्षण मिळावे म्हणून धडपड झाली ती खासगी शाळांमधून. हैदराबाद शहरातील विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय या दोन्ही शाळा १९०७ मध्ये सुरू झाल्या. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मध्ये निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाशी ती कायमची जोडली गेली. अंबाजोगाईचे योगेश्वरी नूतन विद्यालयही याच परंपरेतले. या शाळांना परवानगीसाठी झगडावे लागले, पैशाची चणचण सोसावी लागली, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कितीतरी कार्यकर्ते याच वर्गखोल्यांतून तयार झाले. त्यांच्यापैकी एकीचेही चित्र निजामाच्या तिकिटावर येणे शक्य नव्हते.

निजामाच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव १९३७ मध्ये साजरा झाला तेव्हा चार तिकिटांची आणखी एक मालिका निघाली. तिच्यावर युनानी रुग्णालय, उस्मानिया रुग्णालय, उस्मानिया विद्यापीठ आणि जुबिली हॉल या वास्तू होत्या. विद्यापीठाचे तिकीट एक आण्याचे होते, म्हणजे ते सर्वसामान्यांच्या हाती पडणारे होते. १९३१ च्या तिकिटाशी तुलना करता हा फरक महत्त्वाचा आहे, कारण येथे प्रथमच चालते विद्यापीठ राज्याच्या तिकिटावर आले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस, १९३८ मध्ये, वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून त्याच उस्मानिया विद्यापीठातून शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. औरंगाबादच्या इंटरमीजिएट महाविद्यालयातही ही चळवळ पसरली. या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना आधार दिला तो नागपूर विद्यापीठाने. म्हणजे निजामाची हद्द ओलांडून ते विदर्भात आले आणि चांद्याच्या जंगलपट्टीतील मुलांनाही जे एकमेव विद्यापीठ होते, त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी झाले.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर या काळात शाळा आली नाही. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून तिकिटे छापली जाऊ लागली. १९३१ मध्ये नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची मालिका निघाली, तीत व्हाइसरॉयचे निवासस्थान, सचिवालय आणि युद्धस्मारक होते. १९३५ च्या रौप्यमहोत्सवी मालिकेत अर्ध्या आण्यावर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया आले. बाकीच्या तिकिटांवर रामेश्वरचे मंदिर, ताजमहाल, अमृतसरचे सुवर्णमंदिर अशा वास्तू होत्या. १९३७ च्या मालिकेत दोन आण्यांवर डाक घेऊन धावणारा हरकारा, त्यापुढील मूल्यांवर बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटार आणि विमान अशी टपालवाहतुकीची साधने होती. भामरागडसारख्या, पावसाळ्यात नद्यांनी वेढल्या जाणाऱ्या मुलखाला या साधनांपैकी पहिलेच लागू पडत होते. इतर वसाहतींत विद्यालये आली तीही राज्यकर्त्यांच्या सोयीची: त्रिनिदादच्या १९३५ च्या दोन सेंटच्या तिकिटावर उष्ण कटिबंधीय शेतीचे इम्पीरियल कॉलेज आहे, तर हाँगकाँगमध्ये इंग्रजांनी पाय रोवल्याला शंभर वर्षे झाल्यानिमित्त १९४१ मध्ये निघालेल्या मालिकेत तेथील विद्यापीठ पाच सेंटवर आहे. पहिली संस्था साम्राज्याच्या मळ्यांसाठी शेतीतज्ज्ञ तयार करीत होती, आणि दुसरी त्या शताब्दीच्या उत्सवात बंदर, बँक व विमान यांच्या रांगेत बसविलेली होती.

स्वातंत्र्यानंतर भारताच्या तिकिटांवर शिक्षणाला जागा मिळाली ती बहुतांशी शिक्षण देणाऱ्या माणसांच्या रूपाने. धोंडो केशव कर्वे यांच्या शंभराव्या वाढदिवशी, १८ एप्रिल १९५८ रोजी, त्यांच्या हयातीतच त्यांच्यावर तिकीट निघाले. मुंबई, कलकत्ता व मद्रास या विद्यापीठांची शताब्दी १९५७ मध्ये तिकिटांवर आली. महात्मा जोतीराव फुले १९७७ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटील १९८८ मध्ये आणि सावित्रीबाई फुले १९९८ मध्ये आल्या. हैदराबादची स्वतःची टपालव्यवस्था १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर काही काळ चालू राहून १९५० मध्ये भारतीय टपाल खात्यात विलीन झाली आणि बारा आण्यांचे बीदर संग्राहकांच्या पाकिटांत गेले.

भामरागडच्या वाट्याला आलेले तिकीट त्याच्याही पुढचे आहे, आणि ते भारताचे नाही. भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्पाची सुरुवात केली, डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे आधी दवाखाना आणि १९७६ पासून माडिया आदिवासी मुलांसाठी निवासी आश्रमशाळा चालविली. युरोपातील मोनॅको या लहानशा देशाने १९९५ मध्ये या दांपत्याच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले. रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यानंतर तेरा वर्षांनी, २००८ मध्ये.

या आश्रमशाळेपुढचा प्रश्न मराठवाड्यातल्या शाळांच्या प्रश्नाशी जवळचा आहे. माडिया ही गोंडी भाषेच्या गटातली, म्हणजे द्राविडी कुळातली बोली असून तिला स्वतःची रूढ लिपी नाही. पहिलीत आलेल्या माडिया मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी तितकीच अनोळखी असते जितकी परभणीच्या मुलाला निजामाच्या शाळेतली उर्दू होती. मराठी भाषकांनी हैदराबादमध्ये जे सोसले, ते त्यांच्याच राज्यात माडिया मुलांना सोसावे लागू नये, ही जबाबदारी येथे मराठीवर येते आणि ती टाळता येत नाही. ज्या शिक्षकांनी आधी मुलांची बोली आत्मसात केली आणि मग तिच्या आधाराने मराठी शिकविली, त्यांच्या वर्गात मुले टिकली. भामरागड गावाजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पुराच्या दिवसांत पर्लकोटेवरचा पूल पाण्याखाली गेला की गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो, टपाल थांबते आणि पलीकडच्या गावांतील मुलांना शाळेत पोहोचता येत नाही. अशा मुलखात निवासी शाळा ही सोय नव्हे, शिक्षण अखंड चालण्याची अटच आहे. या शाळेत आज बारावीपर्यंत शिक्षण मिळते आणि तेथून शिकून गेलेल्या माडिया मुलामुलींत डॉक्टर, वकील आणि शिक्षक आहेत. काही जण शिक्षण संपवून याच तालुक्यात कामाला परत आले आहेत.